ताणाच्या दिवसांत हसू आणि शांतता शोधताना या चुका टाळा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझी आई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. घर ठाण्यात, माझी नोकरी तुर्भ्याला, मुलगी दहावीत आणि शस्त्रक्रियेच्या खर्चामुळे घरकर्जाच्या हप्त्यांची घडी विस्कटलेली, अशा अवस्थेत भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना ‘हसत राहा, शांत राहा’ असे सांगून जात असे. मी तो सल्ला मनावर घेतला आणि पुढचे काही महिने हसण्याचे आणि शांत राहण्याचे जवळजवळ सगळे प्रयत्न चुकीच्या रीतीने केले. त्याच चुका मला आता शेजारच्या घरांत, कार्यालयात आणि लोकलच्या डब्यात दिसतात. विनोद आणि शांतता या भाजीसारख्या बाजारातून आणून घरात भरून ठेवायच्या वस्तू आहेत असे आपण धरून चालतो, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ज्याचे दुखणे आहे त्याच्या आधी आपण हसणे

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी माझा आतेभाऊ रुग्णालयात आला आणि दारातूनच म्हणाला, “काय मामी, नवीन पार्ट बसवून घेतलात म्हणे! गॅरंटी किती वर्षांची?” खोलीतले आम्ही सगळे हसलो, कारण दोन रात्री कोणीच नीट झोपलेले नव्हते आणि हसायला आम्हाला काहीही चालले असते. आई मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते पाहून आतेभावाने विनोद समजावून सांगायला घेतला, आणि वर ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ हेही ऐकवले. अशा रीतीने एका चुकीच्या तीन चुका झाल्या.

घरी आल्यावर दहाएक दिवसांनी वॉकर धरून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायला तिला सात-आठ मिनिटे लागली. अर्ध्या वाटेत थांबून ती म्हणाली, “घोडबंदर रोडवरच्या गाड्या याच वेगानं जातात, आणि त्यांना तर चाकं असतात.” ती पडल्यापासून तिला हसताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दुखणे तेच होते आणि थट्टेचा विषयही तोच होता. परंतु आतेभावाच्या विनोदात ती थट्टेची वस्तू होती आणि स्वतःच्या विनोदात ती शेरा मारणारी होती. म्हणून ज्याचे दुखणे आहे त्याला पहिला विनोद करू द्यावा, आणि त्याने सुरुवात केल्यानंतरच इतरांनी बेताने भर घालावी. तोवर हसायचेच असेल, तर माणसापेक्षा परिस्थितीकडे पाहावे. रुग्णालयाच्या एका अर्जावर आईचे वय ७१ ऐवजी १७ पडले होते. आम्ही खिडकीवर जाऊन तावातावाने तो कागद बदलून आणला आणि तिला दाखवलादेखील नाही. सतराव्या वर्षी खुबा मोडल्याची नोंद पाहून ती नक्की हसली असती, असे आता वाटते.

आपला विनोद चुकला हे कसे ओळखावे? समोरचा माणूस नुसत्या ओठांनी हसतो, नजर वळवतो आणि लगेच दुसरा विषय काढतो. अशा वेळी “चुकलं माझं” एवढेच म्हणावे आणि “रात्री दुखतं का? झोप लागते का?” असा एखादा कामाचा प्रश्न विचारावा. स्पष्टीकरण देऊ नये, कारण समजावून सांगितलेला विनोद ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा टोचतो.

फॉरवर्ड वाचण्याला विसावा समजणे

तुर्भ्याहून ठाण्याला येताना लोकलमधली पंचवीसएक मिनिटे मी फोनवर विनोद वाचण्यात घालवत असे, कारण ‘दिवसभरात तेवढेच हसणे’ अशी माझी समजूत होती. ठाण्याला उतरताना डोळे चुरचुरत, मान आखडलेली असे, आणि कोणी विचारले असते तर त्यांतला एकही विनोद मला सांगता आला नसता. विसाव्यानंतर माणूस आधीपेक्षा जास्त थकलेला असेल, तर तो विसावा नव्हे, एवढी साधी कसोटी मी लावली नव्हती.

तयार विनोदांचा साठा किती लवकर संपतो, याचे चांगले उदाहरण आपल्या जवळच घडलेले आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथे रोज विनोद सांगितले जात. साधारण दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांत कोणाला ना कोणाला लागेल असे पुष्कळ निघाले आणि तक्रारी येऊ लागल्या. मग कटारियांनी विनोदच बाजूला ठेवले आणि एकमेकांकडे पाहून हसण्याचे व्यायाम सुरू केले. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या संभाषणातले सुमारे १,२०० हास्यप्रसंग टिपले, तेव्हा त्यांतल्या जेमतेम १० ते २० टक्के प्रसंगांच्या आधी विनोद म्हणता येईल असे काही बोलले गेले होते. बाकीचे हसू ‘बरं, येते मी’ किंवा ‘हा बघा, आला’ अशा साध्या वाक्यांवर आलेले होते. एकट्याने असताना माणूस जितका हसतो त्याच्या तीसेक पट तो इतरांच्या सोबतीत हसतो, असेही त्यांना आढळले. फोनमध्ये विनोद भरपूर असतात. सोबत मात्र नसते.

उपाय म्हणून मी एवढेच केले, की घणसोली ते ऐरोली फोन पर्समध्ये ठेवायचा आणि डब्यात काय चालले आहे ते पाहायचे. पहिल्याच आठवड्यात रबाळ्याला चढलेल्या एका बाईंनी फोनवर “हो हो, ठाण्याला उतरलेसुद्धा, पाच मिनिटांत पोचते” असे खणखणीत आवाजात सांगितले, फोन ठेवला आणि शेजारणीच्या पिशवीकडे पाहत निवांतपणे विचारले, “पेरू कसे आणलेत हो?” रात्री हे आईला सांगितले तर ती हसलीच, आणि त्या बाईंच्या घरी कोण वाट पाहत असेल याचा तिने दहा मिनिटे विचार केला. फॉरवर्डने माझ्या घरात असे काही कधी घडवले नव्हते.

‘याला ठाण्याला पाठवा’

कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणण्याची महाराष्ट्रात जुनी पद्धत आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, त्यामुळे हा विनोद आमच्या कित्येक पिढ्यांनी ऐकला. आम्ही ठाणेकर ‘आम्ही आधीच पोचलो’ असे म्हणून त्याला उत्तरही देतो. मीही पुष्कळदा दिले आहे. तरीही ताणाच्या दिवसांत हा विनोद घरात चालू ठेवणे ही मला या यादीतली सर्वांत गंभीर चूक वाटते, कारण ज्याला खरोखर मदतीची गरज असते तोही तो ऐकत असतो. ओळखीतल्या एका गृहस्थांना कित्येक महिने झोप लागत नव्हती. घरात ही थट्टा रोज चालत असल्यामुळे ‘मला डॉक्टरांकडे जायचे आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना, आणि शेवटी ते आपल्या भावाकडे गेले असता तिथे बोलले.

स्वतःवरच्या विनोदाचेही असेच आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसे जोडणारा, संकटात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि लोकांना बरे वाटावे म्हणून स्वतःलाच पायदळी तुडवणारा. चौथी तऱ्हा बाहेरून खिलाडूपणासारखी दिसते. माझी मुलगी सराव परीक्षेनंतर ‘मी काय, ढच आहे’ म्हणून मैत्रिणींना हसवत असे, आणि ते हसे तिलाच खरे वाटू लागले आहे हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. पूर्वी ज्यावर हसू येई त्यावर दोन आठवडे किंवा जास्त काळ हसूच येत नसेल, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तिथे विनोदाचे काम संपते. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी थट्टेत बोलले, तरी ते थट्टेवारी नेऊ नये.

शांततेला वेळापत्रकात बसवणे

आई थोडी चालती झाल्यावर मी पहाटे साडेपाचला उपवन तलावावर जाऊ लागले. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ होते, डोक्यात आठ हजारांचा आकडा होता, आणि फेऱ्या संपल्यावर बाकावर डोळे मिटून बसायचे व ‘आता हप्त्यांचा विचार करायचा नाही’ असे मनाला बजावायचे, असा क्रम होता. समोर येऊरचा डोंगर ढगांत गेलेला असे आणि मी डोळे मिटून हप्त्यांचा विचार करत असे.

असे का होते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधल्या एका प्रयोगातून कळते. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि तो आलाच तर घंटी वाजवायची, असे सांगितल्यावर लोकांनी पाच मिनिटांत पुन्हा पुन्हा घंटी वाजवली. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी अस्वल दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते इतरांपेक्षा जास्तच आले. मनाला ‘नको’ सांगून भागत नाही. त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. असे पाच-सहा वेळा पुरे होते, आणि गरगरल्यासारखे वाटले तर थांबावे. माझ्यापुरते सांगायचे तर मेथीची जुडी निवडणे याहून गुणकारी ठरले. हात गुंतलेले असतात, वास चांगला येतो आणि काम कुठवर आले ते डोळ्यांना दिसते. शांततेला सामसूम हवीच असेही नाही. संध्याकाळी तलावपाळीवर रिक्षा, भेळवाले आणि बोटीत बसायला हटून बसलेली मुले यांच्या गलक्यात मी जितकी निवांत बसले, तितकी उपवनच्या पहाटेत कधी बसले नाही.

विनोदावरच काम भागवणे

आमच्या जिन्यात वरच्या टाकीचे पाणी झिरपत असे. त्याला कोणीतरी ‘पांडवकडा’ असे नाव दिले आणि ते इतके चपखल बसले, की खारघरला न जाता धबधबा मिळाल्याबद्दल सभासद एकमेकांचे अभिनंदन करत राहिले आणि प्लंबर अडीच महिन्यांनी आला. विनोदानंतर काम हलले नाही, तर त्या विनोदाने आपल्याला गप्प बसवले असे समजावे.

नोंद ठेवताना होणारी चूक

ऑगस्टपासून आम्ही दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत दिवसातली एखादी गमतीची गोष्ट एका ओळीत लिहितो आणि जेवताना वाचतो. डिसेंबरमध्ये ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला जाण्याचा बेत ठरत होता, तेव्हा आई म्हणाली, “त्यासाठी तिथं कशाला जायला हवं? एका पायावर उभी मी घरात आहेच.” तेही त्या वहीत तिच्याच अक्षरात आहे. मात्र रोज काही लिहिलेच पाहिजे असा नियम केला, की लोक रचून लिहू लागतात. माझ्या नवऱ्याने सुरुवातीला सलग चार दिवस फॉरवर्डच उतरवून काढले होते. ऑगस्टची नऊ पाने कोरी आहेत आणि ती आम्ही नंतर भरलेली नाहीत.