काडतुसांच्या जुन्या खोक्याचं साल काढायला बसण्याआधी

विदर्भातल्या मालगुजारी वाड्यांच्या माळ्यावर बाराबोअर बंदुकीच्या काडतुसांचे पुठ्ठ्याचे खोके सापडतात, तर कामठीच्या भंगारात एखादी लष्करी लोखंडी पेटी हाती लागते. साल दोन्हींचं काढता येतं, फक्त घाई नको.

सगळ्यात आधी खोका खरंच रिकामा आहे ना, ते बघा. आत एक जरी जिवंत काडतूस असलं तरी हात लावू नका, गाडीत टाकून घरीही आणू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. सरळ पोलीस ठाण्यात कळवा.

मग भिंग, मऊ कुंचला, टॉर्च, वही आणि शिसपेन्सिल जवळ घ्या. पाणी, रॉकेल आणि सँडपेपर मात्र लांबच ठेवा, कारण पुसट रंगातच निम्मी माहिती असते. टॉर्च बाजूने तिरपी धरली की उडालेली अक्षरंही वाचता येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पुठ्ठा कडक होऊन घडीवर तुटतो, म्हणून बंद झाकण ओढून उघडू नका. सगळ्या बाजूंचे फोटो आधीच काढून ठेवा.

आता वहीत काही सालं लिहून घ्या. आय.सी.आय. ही ब्रिटिश रसायन कंपनी १९२६ ची, म्हणजे तिचं नाव असलेला कायनॉक या काडतुसांच्या ब्रिटिश छापाचा खोका त्याआधीचा असूच शकत नाही. किंमत ‘नये पैसे’ मध्ये असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

आपल्याकडे सगळ्यात कामाचा ठरतो तो दुकानदाराचा शिक्का. नागपूरपुढे ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर साधारण १९५० पूर्वीचा. ‘एम. पी.’ असेल तर १९५० ते ऑक्टोबर १९५६, कारण तेव्हा आपलं शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. पुढे १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्य, नंतर महाराष्ट्र. पण शिक्का विक्रीचा काळ सांगतो, माल त्याआधीचा असू शकतो. शिवाय दुकानदार जुना रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरत, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर साल ठरवू नका.

लोखंडी पेटीत दोन सालं वेगळी धरा. पत्र्यावर उठावात ठोकलेलं साल पेटीचं असतं, रंगाने छापलेलं त्यात भरलेल्या मालाचं. पेट्या पुन्हा भरल्या जात, म्हणून रंगाच्या थराखाली जुनी अक्षरं दिसतात का ते बघा. बाणाच्या खुणेखाली ‘आय’ असेल तर ती ब्रिटिश काळातल्या भारत सरकारची मालमत्ता, आणि अशोकस्तंभाचे सिंह असतील तर पेटी स्वातंत्र्यानंतरची.

खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर सगळ्यात उशिराची खूण प्रमाण माना. वहीत एकच साल न लिहिता ‘अमुक सालानंतर, तमुक सालापूर्वी’ असं लिहा, आणि ते कशावरून काढलं तेही शेजारी टिपून ठेवा.