जुना मिक्सर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

मिक्सर अजिबात चालू होत नसेल तर आधी प्लग काढा, दहा मिनिटं थांबा आणि तळाचं लाल बटण दाबा. हाच ओव्हरलोड स्विच; भांडं गच्च भरलं की तो पडतो आणि मोटर बंद होते. त्यासाठी दुकान गाठायची गरज नाही.

मोटर फिरते पण पातं थांबतं, म्हणजे कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दात झिजलेत. खालून शाफ्ट (मोटरचा दांडा) स्क्रूड्रायव्हरने धरा आणि कपलर फिरवा. बहुतेक मिक्सरांत आटे उलटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. इथेच लोक जोर लावून शाफ्ट वाकवतात.

ठिणग्या जास्त उडत असतील तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन कार्बनचे तुकडे, पाहा. पाचेक मिलिमीटरच उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. भांड्याखाली काळपट, तेलकट पाणी दिसलं तर बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती भांड्याच्या तळाची नळी) गेला. तो लगेच बदला, नाहीतर तेच पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरतं.

ही सगळी कामं स्वस्तातली, बिनधास्त करून घ्या.

जळका वास येऊन आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) काळं पडलं असेल तर मात्र हिशोब वेगळा. रिवाइंडिंग, म्हणजे तारा नव्याने गुंडाळणं, नीट तोललेलं नसेल तर मिक्सर थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं. खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवा घ्या. भांडी चांगली असतील तर ती बसतील असाच घ्या.