आधी नमुना ८ उघडा

ग्रामसेवक म्हणून हजर झालो त्याच आठवड्यात ओढ्यावरच्या मोरीचा विषय निघाला. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची पोरं शाळेत येऊ शकत नव्हती. खात्यावर केंद्राकडून आलेली पंधराव्या वित्त आयोगाची रक्कम दिसत होती, म्हणून मासिक सभेत मी "करून टाकू" म्हणालो. घाई केली. त्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. तो आराखड्यात आधीच दुसऱ्या कामांवर धरलेला. सरपंचताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, पैसे हायेत म्हणता, मग मोरी का होईना?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर कायदा वाचताना कळलं. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले. पण त्यातले अधिकार आणि कर किती द्यायचे, हे राज्य विधिमंडळावर सोपवलं गेलं. निधी वरून येतो तेव्हा त्यातला बराचसा कशावर खर्च करायचा तेही ठरूनच येतं. हे मला आजही खटकतं. गावाला स्वतः ठरवून खर्चता येतो तो मुख्यतः स्वनिधी, आणि त्याचं मूळ घरपट्टी-पाणीपट्टीत.

म्हणून ग्रामपंचायतीत नव्याने हजर होणाऱ्यांनो, अंदाजपत्रकाला हात लावण्याआधी नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, उघडा. मी शिपायाला घेऊन टेपने घरं मोजत निघालो. पहिल्याच आळीत नोंद होती 'मातीच्या भिंती, कौलारू', आणि समोर दुमजली स्लॅबचं घर! दर चार वर्षांनी व्हायची फेरआकारणी कित्येक वर्षं झालीच नव्हती. निवडणूक जवळ आली की घरपट्टीचं नाव कुणी काढत नाही. लोक चिडतात, चिडू द्या. हरकती लेखी घ्या, सुनावणी खरोखर घ्या, मोजमाप चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. आमच्याकडे एका आजींचा पडका गोठा राहत्या घरात धरला गेला होता; तो आधी कमी केला, तेव्हा कुठे आळी ऐकू लागली.

स्वनिधीतूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी आधी बाजूला काढा.

मोरीचे पाइप दुसऱ्या वर्षी स्वनिधीतून आले. ग्रामसभेत तेव्हापासून मी दोन कागद वाचतो, एक वरून आलेल्या पैशाचा, दुसरा आपल्या वसुलीचा. प्रश्न दुसऱ्यावरच जास्त येतात.