खणाच्या पन्ह्यातून शिकलेलं फॅशन डिझाइन

फॅशन डिझाइनच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं-मुली वर्कशॉपवर येतात तेव्हा स्केचबुकाच्या पहिल्या काही पानांत पैठणीचा मोर हमखास असतो. जॅकेटच्या पाठीवर मोर, नाहीतर पँटच्या कडेनं चढत जाणारी वारली माणसं. रेषा छान असते, मेहनतही दिसते. मी एकच विचारते, मोर पुसून टाकला तर या जॅकेटात आपलं काय उरतं? बरेचदा काहीच उरत नाही. कापणी, फिटिंग, शिवण सगळं दुसरीकडचं असतं आणि वर आपला मोर चिकटवलेला असतो.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. आपल्याकडची परंपरा नक्षीत आहेच, पण त्याहून जास्त ती कापड वापरायच्या रीतीत आहे. कापड कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कुठे कापायचं, कुठे कात्री लावायची नाही, जुनं झालं की त्याचं काय करायचं. या रीतींमागे मूल्यं आहेत आणि त्यांनीच कपड्याचं माप, काठाची जागा, शिवणीची दिशा ठरवली आहे. म्हणजे डिझाइनचे निर्णय आधीच घेतलेले आहेत. ते वाचायला शिकायचं.

मला हे खणानं शिकवलं. मी सोलापूरची. आमच्याकडे बायका नेसायच्या ते इरकल आणि त्यावर घालायच्या ती खणाची चोळी, दोन्ही सीमेपलीकडून, बागलकोट जिल्ह्यातून येतात. इरकल इलकलची, खण गुळेदगुड्डचा. विणतं कर्नाटक आणि मिरवतो आपण, हे नातं फार जुनं आहे. कॉलेजात असताना ‘पारंपरिक वस्त्र’ म्हटलं की सगळ्यांची धाव बनारस आणि पैठणीकडे. खण म्हणजे आजीच्या ट्रंकेतला विषय. आता खणाच्या साड्या, पर्स, तोरणं, डायरीची कव्हरं सगळीकडे दिसतात, तरी खण मुळात असा का आहे हे विचारणारे कमीच.

उत्तर ओटीत आहे. सवाष्णीची ओटी भरताना नारळ-तांदळाबरोबर जो खण देतात तो एका चोळीचा कपडा असतो. देण्याचं माप आणि शिवण्याचं माप एकच. घेणारीनं घरी नेला की तिची एक चोळी झाली पाहिजे, वाया जाऊ नये आणि कमीही पडू नये. एका बाईनं दुसरीला मानानं द्यायची वस्तू, म्हणून ती अर्धवट असून चालत नाही. या एका मूल्यावर त्या कापडाचा सगळा हिशेब बसवलेला आहे.

जुन्या पद्धतीचा खण टेबलावर पसरून बघा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, दोन्ही बाजूंना लांबीनं धावणारे काठ आणि मध्ये बारीक नक्षी. चोळी बेतताना बाहीची खालची कड काठावर धरतात. त्यामुळे दंडावर काठ येतो, शोभा तर होतेच, आणि विणीतच पक्की झालेली कड मिळाल्यानं ती दुमडून शिवावी लागत नाही. पण यातून आणखी एक गोष्ट होते, जी मला कुठल्याही पॅटर्न मेकिंगच्या तासाला कुणी सांगितली नव्हती. बाही अशी आडवी कापली की ताणा, म्हणजे कापडाच्या लांबीचे धागे, दंडाभोवती फिरतो आणि बाणा, म्हणजे रुंदीचे धागे, खांद्याकडून कोपराकडे जातो. ताण्याचा धागा सहसा जास्त घट्ट, कमी ताणला जाणारा. दळण-कांडण करणाऱ्या हाताला ती बाही पक्की धरून ठेवते. पुढे गाठ मारायची चोळी असेल तर ती अंगाप्रमाणे सैल-घट्ट होते. बाळंतपणाआधी आणि नंतर तीच चोळी. कापताना निघालेले तिकोनी-चौकोनी तुकडे काखेत जोड द्यायला जातात, त्यातूनही उरले तर गोधडीला किंवा बाळाच्या कुंचीला.

आज जगभर ‘झीरो वेस्ट’ नावानं जे शिकवलं जातं ते याच जातीचं आहे. जपानच्या किमोनोचं कापड असंच अरुंद, साधारण 36 सेंटिमीटर पन्ह्याचं असतं आणि सरळ पट्ट्यांत कापून जोडलेलं असतं. उसवलं की पुन्हा एक अखंड तागा जुळवता येतो. जपानी डिझायनर इसे मियाके यांनी कापडाच्या एका अखंड तुकड्यातून वस्त्र उभं करण्याचा जो विचार आयुष्यभर केला, त्याला या संस्कारांची पार्श्वभूमी होती. त्यांच्या कपड्यांवर चेरीची फुलं शोधत बसायची गरज पडत नाही, तरी ते जपानी वाटतात. आपल्याकडे वैशाली षडांगुळे यांचं काम जरूर बघा. विदिशातून मुंबईत आलेल्या या डिझायनरनं 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (हातानं घडवलेल्या उंची कपड्यांच्या) सप्ताहात आपलं काम मांडलं. हातमागाचं कापड, त्यात खणही आलं, त्यांच्या हातात पीळ घेतं, वळतं, शिल्पासारखं उभं राहतं. नुसत्या नक्षीच्या जोरावर हे होत नाही. कापडाचा स्वभाव कळावा लागतो.

मी स्वतः खणाचं जॅकेट करायला घेतलं तेव्हा पन्ह्याशी भांडायचं नाही असं ठरवलं. पाठ दोन पट्ट्यांची, पुढे दोन पट्ट्या, शिवण तिथेच जिथे काठ भेटतात. पाठीच्या मधोमध दोन काठ शेजारी आले आणि तीच जॅकेटची एकमेव सजावट झाली. आता रुंद पन्ह्याचा खणही मिळतो. सोय आहे, मीही वापरते. पण शिकताना अरुंद खणच घ्या. मोठ्या पन्ह्यात आपण विचार न करता कापत सुटतो.

नऊवारीकडेही असंच बघा. साधारण सव्वाआठ मीटर कापड, त्याला कात्री नाही, शिवण नाही, परकराची गरज नाही, आणि कासोटा घातला की दोन पाय मोकळे. कोळणीची नेसण गुडघ्यापर्यंत येते कारण तिला मासळीच्या पाण्यात उभं राहायचं असतं. लग्नातली नऊवारी घोट्यापर्यंत उतरते कारण तिथे रुबाब हवा. कापड तेच, कामाप्रमाणे उंची बदलली. आज बाजारात शिवलेल्या नऊवारीची रेलचेल आहे. ज्यांना नेसता येत नाही त्यांना ती सोयीची, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण डिझाइन शिकणाऱ्यानं आधी खरी नऊवारी नेसायला शिकावं, मुलगा असला तरी. कमरेची गाठ कुठे भार घेते, निऱ्या चालताना कशा उघडतात, कासोटा बसल्या-उठल्यावर का सुटत नाही, हे अंगावर कळल्याशिवाय धोती पँट नावाचा जो प्रकार सगळे करतात त्यात तुम्ही नवीन काहीच घालू शकणार नाही.

रंगांचे संकेतही तोंडपाठ हवेत. काळा मंगलकार्यात टाळतात, आणि संक्रांतीला मात्र मुद्दाम काळी चंद्रकळा नेसतात, थंडीत ऊब धरणारा रंग म्हणून. लग्नात पिवळी अष्टपुत्री, चुडा हिरवा, डोहाळजेवणाला साडी हिरवी. माझ्याकडे डोहाळजेवणासाठी गाऊन शिवून घ्यायला मुली येतात. कट एकदम आजचा हवा असतो, फोटो काढायला बाहेरचा माणूस ठरलेला असतो, आणि रंग विचारला की उत्तर येतं, ‘हिरवाच, आईला बरं वाटेल.’ हे ‘आईला बरं वाटेल’ आपल्या धंद्यात फार मोठं आहे. तरुण गिऱ्हाईक रीत मोडायला तयार असतं, पण सगळी एकदम नाही. एक धागा धरून ठेवायचा असतो. तो कोणता, हे पहिल्या भेटीत ऐकून घेतलं तर पुढचं काम सोपं होतं.

कात्री लावायची की नाही, हा प्रश्न पैठणीच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. खऱ्या हातमागाच्या पैठणीत काठ आणि अंगाचे धागे वेगळे असतात आणि विणताना ते एकमेकांत अडकवले जातात. पदरावरची नक्षीही एकेक रंगाचा धागा हातानं घालून होते, म्हणून ती मागून-पुढून सारखीच स्वच्छ दिसते. अशा पदरावर माणसाचे महिनोन् महिने गेलेले असतात. साडी फाटायला आली की पदर आणि काठ काढून नव्या अंगाला लावायचे, ही घराघरांतली जुनी पद्धत. म्हणून माझा नियम असा: चांगली पैठणी मी कापत नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी समजावते. विरलेली, घडीवर फाटलेली असेल तर तिचं परकर-पोलकं, ओढणी, जॅकेटची पाठ काहीही आनंदानं करते. कापायचीच तर जर उसवते हे लक्षात ठेवा. कडा आधी बारीक टाक्यांनी धरा किंवा पायपिंग लावा, आणि फ्यूजिंगची (आतून चिकटवायच्या अस्तराची) इस्त्री आधी तुकड्यावर चालवून बघा, एकदम पदरावर नको.

आता मागाकडे जाण्याबद्दल. कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत जा, पदवीची वाट बघू नका. येवला, पैठण, इलकल, गुळेदगुड्ड यांपैकी जे जवळ असेल ते. फोटो काढायच्या आधी मागाशेजारी बसा. इलकलला पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, त्याला तिथे टोप टेणी म्हणतात. त्यामुळे ताणा एकेका साडीपुरता बांधावा लागतो. हे एकदा बघितलं की ‘याच साडीला पदर दुसऱ्या रंगाचा करून पन्नास नग द्या’ असं फोनवर सांगताना जीभ जरा अडखळेल, आणि ती अडखळायलाच हवी.

खणाचंही तसंच. त्याची नक्षी जादा ताण्यातून उठते. नक्षी बदला म्हटलं की माग नव्यानं जुळवायचा. त्यात विणकराचे दिवस जातात आणि बिनकामाच्या दिवसांची मजुरी त्याला कुणी देत नाही. तुम्हाला नवीन काही हवं असेल तर आधी बाण्याचा रंग बदलून मागा. ताणा तोच ठेवून बाणा वेगळा घातला की धूपछाव, म्हणजे दोन रंगांची झाक, उतरते, दुसराच कपडा वाटतो, आणि माग थांबत नाही. माझी सगळ्यात जास्त विकली गेलेली छटा अशीच निघाली, विणकरानंच सुचवलेली. त्याचा मोबदला डिझाइनचा म्हणून वेगळा दिला, मजुरीत धरला नाही. तुम्हीही पहिल्या कामापासून हीच सवय लावा.

श्रेय देण्याचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे सगळ्यांनी 2025 च्या जूनमध्ये पाहिलं. मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. पण जीआय नावाचं रक्षण करतो. बनवणाऱ्या हातांना मान द्यायचा की नाही हे डिझायनरनंच ठरवायचं असतं. परदेशी कंपनीवर आपण चिडलो ते योग्यच. मग आपल्याच शहरांत पॉलिस्टरचा यंत्रमागावरचा कपडा ‘हातमागाचा खण’ म्हणून विकला जातो, तिथेही तेवढंच चिडायला हवं. पॉलिस्टर ओळखायला सोपं आहे: कडेचा धागा काढून जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो, रेशमाला केस जळल्याचा, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. यंत्रमागाचा कपडा वापरायलाही हरकत नाही, परवडणारा असतो. फक्त लेबलावर तसं लिहा.

शिक्षणाचं म्हणाल तर निफ्ट आणि अहमदाबादची एनआयडी ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. निफ्टचं मुंबईचं केंद्र खारघरला आहे. तिथल्या डिझाइनच्या प्रवेशात चित्रांबरोबर दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवायची परीक्षा असते. त्यासाठी क्लासपेक्षा घरात गोधडी शिवणारं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसणं जास्त उपयोगी पडेल, हे मी मनापासून सांगते. मिळालेल्या तुकड्यांतून काहीतरी उभं करायचं हेच तिथे तपासतात. प्रवेश मिळाल्यावर कारागिरांच्या गावी जाऊन राहायची संधी अभ्यासक्रमातच येते, ती फोटोंपुरती उरकू नका. आणि एक गोष्ट अर्ज भरण्याआधी ठरवा: तुम्हाला सुतात रस आहे की कापणीत? धाग्यात, रंगात, विणीत जीव रमत असेल तर टेक्स्टाइल डिझाइन घ्या. फॅशन डिझाइनच्या नावाला जास्त वलय आहे म्हणून तिकडे गेलेली आणि दोन वर्षांनी मागाची ओढ लागलेली कितीतरी मुलं मला भेटतात.

पोर्टफोलिओत तयार कपड्याच्या फोटोआधी त्याच्या कापणीचा नकाशा लावा. कुठला काठ कुठे गेला, किती तुकडे उरले, त्यांचं काय केलं. मुलाखत घेणारी जाणकार माणसं त्या पानावर थांबतात. खाली विणकराचं गाव लिहा, त्यांची परवानगी असेल तर नावही, आणि कापड कोणत्या मागावरचं आहे ते. किंमत काढताना त्यांच्या दिवसांचा आकडा पहिल्या ओळीत मांडा आणि तुमची फी त्यानंतर. घासाघीस झाली तर कमी करायची ती दुसरी ओळ.