डिप्रेशन-अँक्झायटीचे गट सर्व्हेवरून ठरवताय? या चुका टाळा

दवाखान्यापर्यंत पोचतात ते बहुतेक जास्त त्रास असलेले किंवा दोन्ही आजार एकदम झालेले लोक, त्यामुळे तिथल्या पेशंटवरूनच लक्षणं बघून लोकांचे गट पाडले की डिप्रेशन आणि अँक्झायटी एकमेकांना चिकटलेलेच दिसणार, संख्याशास्त्रज्ञ बर्कसनने हा घोळ १९४६ मध्येच दाखवलाय. म्हणून सगळ्या लोकसंख्येचा डेटा घ्यायचा, हे बरोबरच. पण त्यातही लोक ठेच खातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो न विचारलेल्या प्रश्नांचा. बऱ्याच मुलाखतींत आधी दोनच गोष्टी विचारतात, मन उदास असतं का आणि कशात रस वाटेनासा झालाय का. दोन्हीला नाही म्हटलं की झोप, भूक, थकवा याबद्दल कोणी विचारतच नाही. मग ॲनालिसिस करणारा त्या रिकाम्या जागांत शून्य भरतो आणि लक्षणं एकमेकांशी किती घट्ट जोडलीत बघा म्हणून खूश होतो. अहो, ती जोडणी तुम्हीच केलीत! हजारो ओळींत शून्यच शून्य असेल तर कोरिलेशन फुगणारच ना. आणि ज्याला उदासी नाही पण झोप उडालीय, थकवा आहे, सतत काळजी आहे तो नेमका गायब, खरंतर दोन आजारांच्या सीमेवरचा माणूस तोच. त्यामुळे आधी प्रश्नावलीचा फ्लो वाचा, आणि शक्यतो सगळ्यांना सगळे प्रश्न विचारलेला डेटा घ्या.

पीएचक्यू-९ (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची, २७ मार्कांची चाचणी) वर १० मार्क म्हणजे निदान नव्हे, हेही लोक विसरतात. समजा १००० जणांत १०० जण खरे आजारी आणि टेस्ट आजारी आणि निरोगी दोघांनाही ८५ टक्के वेळा बरोबर ओळखते, तर ८५ सापडतील पण १३५ निरोगीही पॉझिटिव्ह येतील, म्हणजे खोटे जास्त!

बरं, मग डॉक्टरचं निदान अंतिम धरायचं? डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मॅन्युअल) च्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे खऱ्या पेशंटवरच्या चाचणीत, दोन डॉक्टरांच्या एकमताचा आकडा (kappa: १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग) डिप्रेशनला ०.२८ आणि जनरलाइज्ड अँक्झायटीला (सतत सगळ्याचीच काळजी) ०.२० होता. त्यात झोप, थकवा, एकाग्रता, अस्वस्थता ही लक्षणं दोन्ही आजारांच्या यादीत, मग ओव्हरलॅपचं नवल काय.

शेवटचं, लेटंट क्लास ॲनालिसिस (उत्तरांवरून लोकांचे छुपे गट, म्हणजे क्लास, शोधायची पद्धत) मागाल तितके क्लास देतं. सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन निघाले तर ते वेगळे प्रकार नाहीत, एकाच त्रासाच्या पायऱ्या आहेत. अशा वेळी गट सोडा, सरळ स्कोअर वापरा.