स्वतःचा राउटर लावताना कंपनीचं हॉटस्पॉट घालवू नका, या चुका टाळा

मागच्या मे मध्ये जुळे सोलापुरात काकांच्या घरी नवीन राउटर लावून दिला, नवी पेठेतून आणलेला, चार अँटेनावाला, आणि मी जास्तीची हुशारी करून कंपनीच्या डब्याला, म्हणजे कंपनीने बसवलेल्या फायबरच्या मोडेमला, ब्रिज मोडवर टाकलं. स्पीड एकदम झकास. दोन दिवसांनी काकांचा फोन, "आरं ते कंपनीचं वायफाय दिसंना की, खाली दुकानातलं पोरगं त्याच्यावरच चालवायचं." तेव्हा कळलं की आपणच घोळ घातलाय.

ही चूक सगळ्यात जास्त होते म्हणून आधी हीच. ब्रिज मोड म्हणजे डबा फक्त फायबरमधला उजेड लॅन केबलमध्ये बदलून देतो, इंटरनेटचं लॉगिन तुमचा राउटर करतो. मग बहुतेक डब्यांत आतलं वायफाय आणि त्याच्यावर चालणारं कंपनीचं हॉटस्पॉट, म्हणजे बाहेरच्यांनाही लॉगिन करून वापरता येणारं वायफाय, दोन्ही झोपतं. अमेरिकेत एक्सफिनिटी या इंटरनेट कंपनीचंही तसंच, ब्रिज केलं की घरातलं पब्लिक हॉटस्पॉट बंद. तुम्ही बाहेर स्टँडवर किंवा दुसऱ्या गावाला जे लॉगिन वापरता ते मात्र वेगळं, ते बऱ्याचदा खात्यावर असतं. बीएसएनएलने ऑक्टोबर २०२४ मध्ये फायबर ग्राहकांसाठी वायफाय रोमिंग जाहीर केलं ते या जातीचं. पण काही ठिकाणी देवाणघेवाण असते, ब्रिटनमध्ये २००७ ला बीटी ही टेलिफोन कंपनी आणि फॉन ही वायफाय कंपनी यांनी आणलेली योजना तशीच होती, आपलं थोडं वाटा मग दुसऱ्याचं वापरा. म्हणून कस्टमर केअरला फोन लावून एवढंच विचारा, "माझा डबा ब्रिज केला तर हॉटस्पॉटचं लॉगिन चालू राहील का?" उत्तर गोलमोल आलं तर ब्रिजला हात लावू नका.

मग करायचं काय, तर डबा आहे तसाच राहू द्या आणि त्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून आपल्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये, घाला. बस. याला डबल नॅट म्हणतात, म्हणजे पत्ते बदलायचं काम डबा आणि राउटर दोघंही करतात, आणि नेटवरची मंडळी त्याच्यावर नाकं मुरडतात, पण यूट्यूब, ऑफिसचे कॉल, यूपीआय कशालाच काही होत नाही. गेम खेळणाऱ्यांना किंवा घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) थेट बाहेरून उघडणाऱ्यांनाच त्रास, त्यांनी डब्यात डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडं पाठवणारी सेटिंग) आपल्या राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, टाकावा. कंपनीने खरा पब्लिक आयपीच दिला नसेल तर त्यानेही भागणार नाही, मग उगाच राउटरला शिव्या देऊ नका.

इथं दुसरी चूक होते. डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचाही १९२.१६८.१.१. दोघंही स्वतःला मालक समजतात, लाईट सगळ्या हिरव्या आणि नेट मात्र नाही. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, काम झालं. केबल लॅनमधून लॅनमध्ये घातली असेल तर राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, नाहीतर एकाच घरात दोघं पत्ते वाटत बसतात आणि कुणाच्या मोबाईलला कधी काय मिळेल याचा भरवसा नाही. राउटरमध्ये एक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय देणारा) असेल तर तोच निवडा, सोपं पडतं.

डबा पिनने रिसेट करू नका. डब्यातलं पीपीपीओई (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन नंबर (कंपनीने लाईनला दिलेला) सगळं पुसलं जातं, मग कंपनीचा पोरगा कधी येईल ती वाट बघा. आधी सेटिंगच्या पानाचे फोटो काढून ठेवा. फायबरची ती बारीक वायर, हिरव्या टोकाची, दाराच्या फटीत दाबू नका, एलओएसची (सिग्नल तुटल्याची) लाईट लाल झाली की राउटर कितीही महागाचा असला तरी उपयोग नाही.

अडॅप्टर अदलाबदल! दोन्हीची पिन सारखी, दोन्ही १२ व्होल्ट, पण एक १ अँपियरचा, दुसरा २ चा. काकांकडं मी हेसुद्धा केलं होतं. रात्री सगळे एकदम नेट लावायचे आणि राउटर आपोआप रिस्टार्ट व्हायचा, मी तीन दिवस फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) शोधत बसलो. खाली चिकटवलेलं लेबल वाचलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

हॉटस्पॉट दिसतंय पण दर वेळी नव्यानं ओटीपी मागतंय? बरीच हॉटस्पॉट मोबाईल मॅक पत्त्यावरून (वायफायच्या ओळख नंबरवरून) ओळखतात, आणि अँड्रॉइड १० पासून मोबाईल खोटा मॅक पत्ता देतो. त्या एका नेटवर्कपुरतं वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डिव्हाइस मॅक निवडून बघा. आणि घरात असताना मोबाईल आपला राउटर सोडून त्या हॉटस्पॉटवर उडी मारत असेल तर हॉटस्पॉटचं ऑटो कनेक्ट बंद करा, नाहीतर तुम्ही म्हणाल नवा राउटरच स्लो आहे. उघडं, पासवर्ड नसलेलं हॉटस्पॉट असेल तर बँकेचं काम आपल्या डेटावर करा, तेच नाव देऊन कुणीही हॉटस्पॉट टाकू शकतो.

जागेचं एकच सांगतो. डबा आणि राउटर एकावर एक ठेवू नका, दोघांचे वायफाय चॅनल वेगळे ठेवा, २.४ गीगाहर्ट्झवर एकाला १ तर दुसऱ्याला ११. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको. मे महिन्यात दुपारी तिथं हात लावून बघा, चहा उकळेल. काकांचा डबा आता खाली दुकानाच्या फळीवर आहे, राउटर वर हॉलमध्ये, मध्ये वीस मीटर केबल, आणि पोरगं परत मोबाईल बघत बसलंय.