गॅलिसियाच्या किनाऱ्यावर जेवायला जाताय? मासे आणि अल्बारिन्यो कसं ऑर्डर करायचं ते वाचून जा

स्पेन म्हटलं की आपली बहुतेक मंडळी माद्रिद-बार्सिलोना करून परत येतात, पण ज्यांचा मासळीवर मनापासून जीव आहे त्यांनी वर वायव्येला, पोर्तुगालच्या अगदी डोक्यावर असलेल्या गॅलिसियात तीन-चार दिवस तरी काढावेत असं माझं ठाम मत आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याला रीयास बायशास म्हणतात, म्हणजे समुद्र जमिनीत खोलवर शिरून झालेल्या खाड्या, आणि त्या खाड्यांच्या काठालाच अल्बारिन्यो या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या बागा. मासळी आणि वाईन एकाच गावची! पण तिथली जेवायची रीत वेगळी आहे, ती माहीत नसेल तर भलत्या वेळी भलत्या ठिकाणी बसून भरपूर पैसे मोजून साधंच काहीतरी खाऊन यावं लागतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी वेळ. दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि साडेतीन-चारला किचन बंद, मग रात्री साडेआठ-नऊशिवाय काही गरम मिळत नाही. मधल्या वेळात बारमध्ये टॉर्टिया (तिथलं बटाट्याचं जाड ऑम्लेट) नाहीतर चीज-ब्रेड मिळेल, तेवढंच. त्यामुळे सकाळी नीट नाश्ता करा आणि मुख्य जेवण दुपारीच ठेवा, कारण तिथले लोकही दुपारीच आडवा हात मारतात. शिवाय सोमवार ते शुक्रवार दुपारी 'मेनू देल दीया' असतो, म्हणजे एक स्टार्टर, एक मेन डिश, ब्रेड, पाणी किंवा वाईन, आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण पंधरा युरोच्या आसपास. बजेट सांभाळायचं असेल तर याच्याइतकं चांगलं काही नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, आणि रविवारी दुपारी अख्खी कुटुंबं जेवायला बाहेर पडतात, तेव्हा बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका.

आता मासळी. मेनूवर काही पदार्थांसमोर किंमत नसते, तिथे 'एस.एम.' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारभावाप्रमाणे. खेकडे, मोठे मासे, पेर्सेबेस (खडकाला चिकटून वाढणारा कवचाचा समुद्री जीव) हे बऱ्याचदा किलोवर विकतात. अशा वेळी अजिबात संकोच न करता आधी किलोचा भाव विचारायचा, माल टेबलावर आणून दाखवायला सांगायचा आणि वजन किती भरतंय ते बघूनच हो म्हणायचं. तिथे यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्यांना कळतं. आपण बाजारात मासळीवालीकडे घासाघीस करतो तशी मात्र नाही हां, भाव विचारायचा, पाडून मागायचा नाही.

मालवण-रत्नागिरीकडच्यांनी सुरुवात शिनाण्यांपासून (मसल्स) करावी. तिथे त्याला मेखियोनेस म्हणतात, आणि खाडीत जिकडे बघाल तिकडे लाकडी तराफे तरंगताना दिसतात, त्यांना बातेआ म्हणतात, त्याखाली दोर सोडून त्यावर शिनाणे वाढवतात. गॅलिसियात असे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत. त्यामुळे शिनाणे स्वस्त आणि एकदम ताजे, नुसते वाफवून लिंबासोबत देतात. मग तिसऱ्यांचे दोन-तीन प्रकार (आल्मेखास, बेर्बेरेचोस), लांबट नावाखास (हेही शिंपलेच) तव्यावर भाजून लसूण-ऑलिव्ह ऑइल घातलेल्या, आणि साम्बुरिन्यास म्हणजे छोटे स्कॅलप्स. यात एक गोम आहे, साम्बुरिन्या म्हणून पुष्कळदा वोलांदेइरा नावाचा थोडा स्वस्त भाऊबंद देतात, तोही चवीला छानच असतो पण दर साम्बुरिन्याचा लावला असेल तर विचारायला हरकत नाही.

पेर्सेबेस ही तिथली सगळ्यात मानाची गोष्ट. लाटा आदळतात त्या खडकांना चिकटून वाढतात आणि माणसं दोर बांधून, भरती-ओहोटी सांभाळत जीव धोक्यात घालून ते खरवडून आणतात, म्हणून महाग. काळा बोटाएवढा देठ आणि टोकाला नखासारखं कवच, दिसायला विचित्र. नख एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताने देठाची साल पिळून ओढायची, आतला गुलाबी गर खायचा, पाणी उडतं तेव्हा टोक स्वतःकडे किंवा समोरच्याकडे धरू नका. ख्रिसमसच्या दिवसांत भाव आभाळाला भिडतात, तेव्हा नाही खाल्ले तरी चालेल. चारजणांत पाव किलो चव बघायला पुरतात.

ऋतूचंही बघा. काटेरी मोठा खेकडा, सेन्तोयो, त्याचा मौसम नोव्हेंबरपासून हिवाळाभर. सार्डिन म्हणजे आपली तारली, ती जूनमध्ये, तेवीस तारखेच्या सान शोआनच्या रात्री रस्त्यारस्त्यावर निखाऱ्यावर भाजतात. पादरोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या उन्हाळ्यात, तळून वर जाडं मीठ, त्यातली एखादीच तिखट निघते. ऑक्टोपस मात्र वर्षभर: उकडून कात्रीने तुकडे करून लाकडी ताटलीत, वर ऑलिव्ह ऑइल, जाडं मीठ आणि पाप्रिका, आणि खायचा टूथपिकने. मसाला म्हणून एवढंच. पहिल्या घासाला आपल्या जिभेला हे फिकं वाटेल, पण कृपा करून सॉस मागू नका, दोन-तीन घासांनंतर मासळीची स्वतःची चव कळायला लागते आणि मग ती सोडवत नाही.

ऑर्डर देताना एकदम सगळं सांगू नका. मोठी प्लेट म्हणजे रासिओन, ती दोघा-तिघांत वाटून खायची असते, 'मेदिया' म्हटलं की अर्धी मिळते. आधी दोन गोष्टी मागवा, त्या संपल्या की पुढची.

वाईनचं म्हणाल तर रीयास बायशासमधल्या काम्बादोस गावात एक दुपार घालवाच. आपल्याकडे नाशिकला जशा मांडवावरच्या द्राक्षबागा असतात तशाच तिथेही, फक्त खांब ग्रॅनाइटचे, कारण पाऊस आणि दमट हवा फार, घड वर लटकले की खालून वारा खेळतो आणि बुरशी कमी धरते. रीयास बायशासला वाईनचा अधिकृत दर्जा १९८८ साली मिळाला आणि तिथली बहुतेक लागवड अल्बारिन्योचीच आहे. थंडगार, आंबटसर, थोडी खारट छटा असलेली पांढरी वाईन, शिंपल्यांसोबत दुसरं काही मागायची गरजच नाही. ऑक्टोपससोबत मात्र तिथली मेन्सिया द्राक्षाची लाल वाईन घेऊन बघा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या आसपास काम्बादोसला अल्बारिन्योचा उत्सव असतो, १९५३ पासून चालत आलेला, मजा प्रचंड पण राहायची जागा महिनोन्‌महिने आधी बघावी लागते. गर्दी नको असेल तर मे-जून उत्तम. आणि गाडी स्वतः चालवत असाल तर वाईन रात्रीच्या मुक्कामावरच घ्या, यात तडजोड नको.

हिवाळा-वसंतात गेलात तर फुरांचो शोधा. शेतकरी आपल्या घरची उरलेली वाईन घरातच विकतात, सोबत टॉर्टिया, चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), चीज असं मोजकंच खाणं. डिसेंबर ते जून यामधले काही महिनेच उघडे असतात आणि दारावर तमालपत्राच्या जातीची फांदी टांगलेली दिसते तीच पाटी. कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्यासाठी खास लक्ष द्यायची गोष्ट. पालेभाजी-बटाट्याचं काल्दो गायेगो सूप दिसायला शाकाहारी असतं पण त्यात डुकराची चरबी असते. साध्या मिक्स सॅलडवर न सांगता टूना पडतो. म्हणून नुसतं व्हेज म्हणून थांबू नका, 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून' (मांस, मासे, हॅम, टूना नको) असं एकेक सांगा. पादरोनच्या मिरच्या, तेतिया चीज, टोमॅटो सॅलड, ब्रेड यावर चांगलं भागतं, अंडं चालत असेल तर टॉर्टिया आहेच, आणि बदामाचा तार्ता दे सांतियागो केकही.

बिल आपणहून आणत नाहीत, मागावं लागतं. ब्रेडचे पैसे वेगळे लावलेले असू शकतात, ते नॉर्मल आहे. टीप सक्तीची नाही, आवडलं तर वरची चिल्लर किंवा एक-दोन युरो ठेवा. बिल देताना कुणी छोट्या ग्लासात काळसर लिकोर काफे (कॉफीचं मद्य) पुढे केलं तर ते बहुधा हॉटेलकडून असतं, गोड लागतं पण कडक आहे, सावकाश प्या.